कूलर बंद, खोली तापलेली आणि मध्ये प्रोजेक्टर : नागपुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका वाचोपचार (स्पीच थेरपी) केंद्रासाठी हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या कार्यशाळेनं एक चित्र-प्रोजेक्टर बांधला, त्याची ही हकीकत. केंद्राचं, कार्यशाळेचं आणि माणसांचं नाव देत नाही. केंद्र चालवणाऱ्या वाचोपचार तज्ज्ञांना सगळे ‘ताई’ म्हणतात आणि कार्यशाळेच्या मालकांना ‘काका’, तेच इथे वापरतो. उष्णता आणि आवाज मोजण्याच्या कामापुरता मी त्यांच्यासोबत होतो.

केंद्रात तीन ते सात वर्षांची कर्णबधिर मुलं येतात. काहींच्या कानाला श्रवणयंत्र असतं, काहींना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं साधन) बसवलेलं असतं. चार-पाच मुलं सतरंजीवर अर्धगोलात बसतात, ताई भिंतीला टेकून समोर. एक चित्र दाखवायचं, त्याचा शब्द म्हणायचा, मुलानं ताईंच्या ओठांकडे बघायचं आणि पुन्हा चित्राकडे. छापील चित्रकार्डांनी हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय, पण कार्ड धरलं की ताईंचा एक हात अडकतो आणि कार्ड नेमकं चेहऱ्याच्या आड येतं. ओठ दिसणं हाच तर अर्धा पाठ. म्हणून चित्र भिंतीवर, ताईंच्या चेहऱ्याच्या अगदी बाजूला हवं होतं. शिवाय आठवड्यातले काही दिवस ताई मुलांच्या घरी जाऊन पाठ घेतात, त्यामुळे यंत्र पिशवीत मावायला हवं आणि विजेच्या प्लगवर अडून राहायला नको.

बाजारातला एक छोटा प्रोजेक्टर त्यांनी आणून पाहिला होता. चित्र ठीक होतं, पण पंख्याच्या घरघरीत मुलांचा प्रतिसाद मंदावला. ऐकू येणाऱ्या माणसाला तो आवाज दोन मिनिटांत जाणवेनासा होतो. श्रवणयंत्राला मात्र बोलणं कुठलं आणि घरघर कुठली हे आपल्या मेंदूइतकं निवडता येत नाही, ते दोन्ही मोठं करून कानात सोडतं.

अडचण

वर्गखोलीतल्या शांततेसाठी ‘एएनएसआय एस१२.६०’ या अमेरिकी मानकात रिकाम्या खोलीचा पार्श्वआवाज ३५ डीबीएच्या (माणसाच्या कानाला जाणवेल तसा मोजलेल्या डेसिबेलच्या) आत ठेवायला सांगितलंय. ऐकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी बोलण्याचा आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा किमान १५ डेसिबेलनं वर असावा, असं या क्षेत्रात मानलं जातं. या दोन आकड्यांवर हिशोब मांडता येतो. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डीबीए असतं. ताईंपासून मूल दोन मीटरवर, म्हणजे तिथे ५४. प्रोजेक्टर मुलांच्या जवळ, अर्ध्या मीटरवर. यंत्राचा आवाज एक मीटरवर ३२ असेल तर अर्ध्या मीटरवर तो ३८ होतो. खोलीच्या ३५ मध्ये हे ३८ मिळवले की होतात जवळपास ४०. उरलं अंतर १४, म्हणजे हवं त्याहून कमी. यंत्र एक मीटरवर २५ ला ठेवता आलं, तर मुलाच्या कानापाशी एकूण साडेछत्तीस भरतात आणि अंतर साडेसतरा मिळतं. म्हणून २५ डीबीए हे लक्ष्य ठरलं. पुढे कितीही ओढाताण झाली तरी ते हललं नाही.

आता नागपूरचा उन्हाळा. विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे केंद्राचा सगळ्यात भरगच्च वर्ग उन्हाळी सुट्टीतच असतो. बाहेर पारा ४५ च्या आसपास आणि खोली स्लॅबखालच्या मजल्यावर. आपल्याकडे घरोघरी असतो तसा पॅडचा कूलर तिथेही आहे, पण तो चालू असताना ताईंचं बोलणं त्याच्या आवाजाच्या खाली जातं. म्हणून पाठ सुरू झाला की कूलर बंद. अर्ध्या तासात खोली ३९-४० अंशांवर जाते.

खरा पेच हा होता. शांतता हवी म्हणून कूलर बंद, त्यामुळे खोली गरम, त्यामुळे प्रोजेक्टरमध्ये शिरणारी हवाच गरम, त्यामुळे पंख्याला जास्त फिरावं लागणार आणि पुन्हा आवाज. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत शांत असणारी यंत्रं इथे आल्यावर का ओरडतात, त्याचं कारण हेच. आम्ही आत शिरणाऱ्या हवेचं तापमान ४२ धरून आखणी करायची आणि ४५ ला यंत्र टिकलं पाहिजे असं ठरवलं.

पहिला निर्णय : उजेड किती?

ताईंनी सुरुवातीला ८० इंचांचं चित्र मागितलं होतं. काका म्हणाले, “ताई, ऐंशी इंचाले पाचशे लुमेन तं लागतेच. त्याच्या खाली चित्र फिकं दिसते.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. लुमेन म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. पण ५०० लुमेनचं एलईडी इंजिन (उजेड आणि चित्र तयार करणारा मुख्य भाग) म्हणजे एकूण ५० वॅटच्या आसपास वीज, आणि तीतली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन पेटीतच उरते.

मग आम्ही खोलीत लक्समीटर (पृष्ठभागावर दर चौरस मीटरला किती लुमेन पडतात ते लक्समध्ये मोजणारं यंत्र) घेऊन बसलो. जाड पडदे ओढले की चित्राच्या भिंतीवर ६० लक्स उरत होते. खोली पूर्ण अंधारी करायची सोयच नव्हती, कारण ताईंचा चेहरा मुलांना दिसायला हवा. तेव्हा एक झाकणवाला छोटा दिवा फक्त चेहऱ्यावर पडेल असा लावला आणि त्याचा उजेड भिंतीवर सांडू दिला नाही. हा दिवा आणि पडदे यांचा खर्च पूर्ण प्रकल्पात सगळ्यात किरकोळ होता, पण प्रोजेक्टरवरचा सगळ्यात मोठा भार त्यांनीच उतरवला.

८० इंच चित्राचं क्षेत्रफळ साधारण १.७६ चौरस मीटर. त्यावर ५०० लुमेन टाकले तर २८४ लक्स. भिंतीवरचे ६० धरले तर पांढऱ्या-काळ्यातलं प्रमाण पावणेसहाला एकच्या जवळ येतं. चित्र ४० इंचांचं केलं तर क्षेत्रफळ ०.४४ चौरस मीटर. मग २०० लुमेननीही ४५० लक्स मिळतात आणि प्रमाण साडेआठला एक होतं. मुलं भिंतीपासून दीड-दोन मीटरवर बसतात. त्या अंतरावर ४० इंचांतली कैरी नुसती दिसत नाही, तिच्या देठाचा चीकही दिसतो. ताईंनी भिंतीवर खडूनं दोन्ही चौकटी आखून पाहिल्या आणि लहान चौकट निवडली. त्यांचं कारण आमच्या हिशोबात नव्हतंच : चित्र लहान असलं की मुलाची नजर चित्र आणि ओठ यांच्यात कमी फिरते.

५० वॅटवरून आपण २३ वर आलो. एलईडींना १५, बोर्डाला ६, चालक परिपथातला (एलईडींना वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) तोटा २. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच आणि तो पंखा बघण्याच्या आधी झाला.

विचारात घेतलेले पर्याय

पंखाच नको, हा पहिला विचार कुणाच्याही मनात येतो, तो आमच्याही आला. पेटीच्या बाहेरच्या अंगावरून उष्णता आपोआप जाते, पण दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण १० वॅट एवढीच. खोली ४२ असताना धातूचं अंग ५२ च्या पुढे जाऊ द्यायचं नाही, कारण मुलं हात लावणारच. मग १० अंशांच्या फरकावर २३ वॅट घालवायला ०.२३ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, म्हणजे २० सेंटिमीटर बाजूचा घन. थंड शहरात ही सूट २५-३० अंशांची मिळते आणि पेटी लहान राहते. इथे ती नाही. पर्याय सोडला.

पेल्टिअर पट्टी बसवा, असा सल्ला एका ओळखीच्या तंत्रज्ञानं दिला. ती उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे ढकलते हे खरं, पण त्यासाठी स्वतः वीज खाते आणि तिची उष्णताही त्याच पेटीतून बाहेर काढावी लागते. आमचा प्रश्न उष्णता वाढवण्याचा नव्हता. लेझरचा विचार खर्च आणि लहान मुलांच्या डोळ्यांची सुरक्षितता या दोन कारणांनी लगेच बाजूला ठेवला.

स्वस्त प्रोजेक्टरांत असतो तो एकाच एलसीडी पटलाचा मार्ग काकांना परिचित होता आणि सुटे भाग सहज मिळत होते. पण त्यातला पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा थर) येणाऱ्या प्रकाशातला निदान अर्धा खातो आणि उरलेल्यातून रंगगाळणी साधारण एक-तृतीयांशच सोडते. अडवलेला प्रकाश पटलावरच तापतो. म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी कितीतरी जास्त उष्णता, आणि तीही नाजूक जागी. त्यापेक्षा डीएलपी हे आरशांनी चित्र घडवणारं तंत्र बरं. त्यातली डीएमडी चिप, जी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये साकारली, सूक्ष्म आरशांनी प्रकाश वळवते. नको असलेला प्रकाश बाजूच्या शोषक भागावर टाकता येतो आणि तिथून तो काढणं सोपं जातं. लाल, हिरवा, निळा एलईडी आळीपाळीनं उजळतात, त्यामुळे रंगगाळणीचा तोटाही नाही. तयार इंजिन विकत घेतलं, भोवतालचं सगळं कार्यशाळेत बांधलं.

बॅटरी पेटीबाहेर

काकांच्या पहिल्या आराखड्यात लिथियम-आयन सेल पेटीच्या तळाशी होते. दिसायला सुटसुटीत, पण बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. खोलीच ४० वर आणि शेजारी एलईडीची उष्णता असताना तळातले सेल ही मर्यादा दुपारभर ओलांडून बसले असते. संरक्षक परिपथ चार्जिंग तोडेल, आणि ताईंना ऐन पाठाच्या वेळी कळेल की यंत्र चार्ज झालंच नाही.

म्हणून बॅटरी बाहेर काढली. यूएसबी-सी पीडी (त्याच वायरीतून जास्त वीज देण्याची सोय) असलेली, आयएस १६०४६ या बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकाची नोंदणी असलेल्या सेलची साधी पॉवर बँक. २०,००० मिलीअँपिअर-तासांची बँक म्हणजे ७४ वॅट-तास. रूपांतराचा तोटा वजा जाता २३ वॅटवर अडीच तासांहून जास्त. ती सतरंजीवर सावलीत, पेटीपासून हातभर लांब राहते. खराब झाली तर सीताबर्डीत दुसरी मिळते. एक वायर वाढली, ही ताईंची तक्रार रास्त आहे. पण त्यामुळे पेटीतून उष्णता साठवणारी एक मोठी वस्तूही गेली आणि हवेला सरळ वाट मिळाली.

हवेची वाट

२३ वॅट बाहेर न्यायचे आणि हवा १२ अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला पावणेदोन लिटर हवा लागते. ५० वॅट असते तर जवळपास चार लिटर. नागपूरच्या उन्हाळ्यातली हवा विरळ असते, हेही त्यात धरलंय. एवढी हवा ४० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी देऊ शकतो आणि ८० मिलिमीटरचा ११०० च्या आसपास फिरून. पात्यांची संख्या गुणिले सेकंदाच्या फेऱ्या, एवढ्या कंपनांचा सूर पंखा काढतो. सात पात्यांचा लहान पंखा ७०० हर्ट्झला गातो आणि त्याचे पटीतले सूर १४००, २१०० ला पडतात, म्हणजे बरोबर बोलणं समजण्याच्या पट्ट्यात. मोठा पंखा १२८ हर्ट्झवर गुणगुणतो, जिथे व्यंजनं ओळखायला लागणारं फारसं काही नसतं. शिवाय एकाच पंख्याच्या फेऱ्या अर्ध्या केल्या की आवाज सुमारे १५ डेसिबेलनं उतरतो.

पेटी त्यामुळे वाढली. काकांना ती मुठीएवढी करायची होती. शेवटी १५ बाय १२ बाय १० सेंटिमीटर झाली, कारण मागची पूर्ण भिंत पंख्याला दिली. इथे बरीच चर्चा झाली. काकांचं म्हणणं, लहान वस्तू विकली जाते. ताई म्हणाल्या, “पिशवीत जाते ना? मग झालं.”

पुढचं काम बारकाव्यांचं. पंख्यासमोर ठोकून भोकं पाडलेला पत्रा होता, तो काढून तारेची जाळी लावली आणि पात्यांपासून सेंटिमीटरभर दूर ठेवली. पात्याला लगटून अडथळा असला की प्रत्येक पातं त्यावरून जाताना फटका बसतो आणि तोच सूर कानाला टोचतो. पंखा रबरी खुंट्यांवर टांगला. दोन वायरींच्या पंख्याचा वेग वीज तोडून-जोडून कमी केला तर मोटर टकटकते, म्हणून चार वायरींचा, २५ किलोहर्ट्झवर नियंत्रित होणारा पंखा घेतला.

हवा आत शिरते मागून आणि बाहेर पडते ताईंच्या विरुद्ध बाजूनं. तळातून हवा घ्यायची पद्धत असते, पण सतरंजीवर ठेवलेल्या यंत्राचा तळ पहिल्याच दिवशी बंद होतो. समोरून हवा सोडली तर तापलेली हवा भिंगापुढे उठते आणि चित्र लहरतं.

सगळ्यात पहिली थंड हवा कोणाला द्यायची, यावर विचार करावा लागला. डीएमडी चिपला ७० अंशांच्या आत ठेवायचं असतं, आणि तिच्यावर एकच स्थिर चित्र खूप वेळ राहणार असेल तर त्याहून बरंच खाली, कारण आरसे एकाच बाजूला कललेले राहतात आणि उष्णतेत ते त्यांच्या आयुष्याला बाधतं. आमचं यंत्र तर चित्रांचंच. म्हणून पहिली हवा चिपच्या उष्णताशोषकाला, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांना. मग लाल एलईडी, कारण तापल्यावर सगळ्यात जास्त तोच मंदावतो आणि चित्र निळसर-हिरवट होतं. टोमॅटो टोमॅटोसारखा दिसला नाही तर पाठ कसला? त्यानंतर हिरवा, निळा आणि शेवटी चालक परिपथ. एलईडींची उष्णता दोन तांब्याच्या हीट पाइपांनी (आत थोडं पाणी असलेल्या बंद नळ्यांनी) उष्णताशोषकापर्यंत नेली. त्यांच्या आतला थर भाजलेल्या तांब्याच्या भुकटीचा आहे, त्यामुळे यंत्र तिरकं ठेवलं तरी पाणी परत फिरतं.

धूळ हा नागपूरचा वेगळा विषय. बारीक गाळणी लावली तर हवेला अडथळा होतो, मग पंखा वेगानं फिरवावा लागतो. गाळणी भरत गेली की आवाज महिन्यागणिक वाढतो. म्हणून प्रकाशाचा पूर्ण मार्ग रबरी पट्ट्यांनी बंद केला आणि हवा फक्त शोषकाच्या पात्यांवरून नेली. पात्यांमध्ये ३ मिलिमीटरची ऐसपैस फट ठेवली. मागची जाळी हातानं निघते, मऊ ब्रश फिरवला की झालं. कूलरच्या ओलसर हवेत सतरंजीची लव पात्यांना चिकटून बसते, ती फक्त ब्रशनंच जाते.

पहिल्या नमुन्याची पेटी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापली होती. हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. भिंगाजवळचा भाग किंचित वाकला आणि चित्राचा एक कोपरा धूसर झाला. नंतर पेटी एबीएसची आणि भिंगाची बैठक अॅल्युमिनियमची केली.

आवाज ठरलेला, उजेड सैल

साधारणपणे प्रोजेक्टर असा चालतो : उजेड कायम, तापला की पंखा वेगात. आम्ही उलट केलं. पंख्याचा वेग एकदा ठरवून टाकला. आत येणारी हवा ४२ च्या वर गेली तर उजेड हळूहळू उतरवायचा, जास्तीत जास्त ३० टक्के, आणि तोही काही मिनिटं घेऊन. २०० चे १४० लुमेन झाले तरी ४० इंचांवर ३१८ लक्स राहतात, प्रमाण सहाला एकच्या वर. डोळ्याला एवढा सावकाश बदल कळत नाही, कानाला पंख्याचा बदललेला सूर मात्र लगेच कळतो. पंखा थांबल्याचा संकेत मिळाला तर एलईडी पूर्ण बंद.

ताईंच्या शिकवण्यातूनही मोठी मदत मिळाली. त्या चित्र दाखवून ते झाकतात आणि विचारतात, “काय होतं?” म्हणून हातातल्या बटणानं चित्र गेलं की एलईडीच विझतात. एलईडीला पुन्हा पेटायला वेळ लागत नाही. पाठातला बराच वेळ असा बोलण्यात जातो, त्यामुळे सरासरी उष्णता हिशोबापेक्षा कमी पडते आणि चिपचे आरसेही मोकळे होतात.

मीटरला न सापडलेला आवाज

२५ डीबीए मोजणं हेच एक काम होतं. साधे मीटर ३० च्या खाली वाचतच नाहीत आणि एमआयडीसीत रात्रीही ट्रक चालू असतात. आम्ही मध्यरात्री एका घराच्या आतल्या खोलीत, मुख्य स्विच बंद करून, मीटर २५ सेंटिमीटरवर धरला. तिथे ३७ आले. अंतर चौपट केलं की १२ उतरतात, म्हणजे एक मीटरवर २५. लक्ष्य गाठलं होतं.

केंद्रात चाचणी सुरू झाली तेव्हा एक सहा-सात वर्षांचा मुलगा, जो एरवी श्रवणयंत्र काढत नाही, तो सारखा कानाशी हात नेऊ लागला. श्रवणयंत्र लावलं की पाच मिनिटांत काढायचा. काका म्हणाले, “पंखा तं ऐकूच येऊन नाही राहिला, मंग हा काऊन काढून राहिला?” ताईंनी त्याचं श्रवणयंत्र स्टेथोक्लिपला (श्रवणयंत्राचा आवाज दुसऱ्याला ऐकवणाऱ्या, स्टेथोस्कोपसारख्या नळीला) लावून स्वतः ऐकलं. मायक्रोफोनवर सगळं शांत. टी-कॉइलवर टाकल्याबरोबर सलग गुरगुर.

टी-कॉइल म्हणजे श्रवणयंत्रातलं छोटं वेटोळं, जे हवेतला ध्वनी सोडून चुंबकीय क्षेत्र पकडतं. केंद्रात भिंतीच्या कडेनं इंडक्शन लूपची तार आहे. ताईंच्या माइकचा आवाज त्या तारेतून थेट यंत्रात जातो. आमच्या प्रोजेक्टरमध्ये तीन एलईडींना आळीपाळीनं कित्येक अँपिअरचे झटके मिळत होते, चित्राच्या एका फ्रेममध्ये अनेकदा, सेकंदाला शेकड्यांनी. चालक परिपथापासून एलईडीपर्यंत जाणाऱ्या आणि परतणाऱ्या वायरी पेटीच्या दोन वेगळ्या बाजूंनी नेल्या होत्या, कारण मध्ये उष्णताशोषक होता. त्यामुळे नकळत एक मोठं वेटोळं तयार झालं आणि ते अर्ध्या मीटरवरच्या टी-कॉइलला व्यवस्थित ऐकू जात होतं.

तांब्याचा पत्रा लावून झाकावं असा एक विचार झाला. पण इतक्या कमी कंपनांच्या चुंबकीय क्षेत्राला पातळ तांबं फारसं अडवत नाही. खरा उपाय वेटोळं लहान करण्याचा. चालक परिपथ उचलून एलईडीच्या पाठीशी आणला, जाणारी-येणारी वायर एकमेकींना पीळ घालून नेली आणि झटके सौम्य करणारे कपॅसिटर एलईडीच्या तोंडाशी बसवले. परिपथ हलवल्यामुळे हवेच्या वाटेतला त्याचा क्रम बदलला, तेव्हा तापमानं पुन्हा मोजावी लागली. शिवाय अशा लहान वेटोळ्याचं क्षेत्र अंतराच्या घनानं घटतं, अंतर दुप्पट केलं की आठपट कमी. म्हणून लूपवर असलेल्या मुलाची बसायची जागा थोडी मागे घेतली. गुरगुर लूपच्या बोलण्याखाली पूर्ण दबली आणि मुलगा श्रवणयंत्र काढायचा थांबला.

निष्पत्ती

यंत्र पूर्ण उन्हाळी वर्गभर चाललं. सगळ्यात तापलेल्या दिवसांत उजेड आपोआप उतरला, पण ताईंना तो उतरल्याचं जाणवलं नाही. नोंदी पाहिल्यावरच कळलं. मुलांच्या प्रगतीचं श्रेय प्रोजेक्टरला द्यायला ताई तयार नाहीत आणि ते योग्य आहे. एक गोष्ट त्या खात्रीनं सांगतात, चित्राकडून ओठांकडे नजर वळणं सोपं झालंय. घरच्या भेटींत पॉवर बँक पुरते.

उणीव राहिली ती पहिल्या दहा-पंधरा मिनिटांची. यंत्र तापेपर्यंत फोकस किंचित सरकतो आणि एकदा हातानं जुळवावा लागतो. किंमतही त्याच उजेडाच्या बाजारातल्या यंत्राहून जास्त पडली, कारण एकच नग आणि सगळं हातानं.

पुन्हा करायचं झाल्यास

टी-कॉइलची तपासणी पहिल्या नमुन्यापासून, पंखा निवडण्याच्याही आधी व्हायला हवी होती. वायरींची जागा आणि हवेची वाट एकाच पेटीत भांडतात, एक आधी ठरली की दुसरी मागून ठरवणं महागात जातं. खोलीची लक्स आणि डेसिबेलची मोजणीही काम हातात घेतानाच करण्यासारखी आहे. ती उशिरा झाल्यानं ५०० लुमेनच्या आराखड्यावर कार्यशाळेचे काही आठवडे गेले. मोठा पंखा आधी ठेवून त्याच्याभोवती पेटी आखली असती, तर एक-दोन सेंटिमीटर तरी वाचले असते, असं काकांचंही मत आहे.

एका गोष्टीवर दोघांचं अजून जुळलेलं नाही. पालकसभेत ताईंना ६० इंचांचं चित्र लागतं. दुपारी त्यावर प्रमाण साडेचारला एकच्या खाली येतं, संध्याकाळी उजेड कमी झाला की पुरतं. काकांना जास्त उजेड-जास्त पंखा असं एक वेगळं बटण द्यायचं आहे, सभेत तेवढा आवाज चालतो म्हणून. ताईंचं म्हणणं, बटण असलं तर पाठाच्या वेळीही कुणीतरी ते दाबणार, आणि तेव्हा कुठल्या मुलाचं ऐकणं कमी झालं ते कुणाला कळणार नाही. सध्या तयार होत असलेला दुसरा नग बटणाविना आहे आणि पालकसभा संध्याकाळी सातला ठेवली आहे.